वाळवंटातलं रिंगण

वाळवंट म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी चंद्रभागा येते. टाळ-मृदंग, फुगड्या, वय आणि जात विसरून एकमेकांच्या पाया पडणारी माणसं. आज मी ज्या वाळवंटाबद्दल बोलणार आहे ते इथून फार दूर आहे, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात. तिथेही एकदा माणसांनी रिंगण धरलं होतं.

गोष्ट १९७९ च्या ऑगस्टअखेरीची. बेन्सन नावाच्या एका छोट्या गावाजवळ, वैराण मुलखात एक आश्रम होता. त्याचं नाव ऐकून तुम्हाला नवल वाटेल. श्रीराम आश्रम! त्या आश्रमात देशाच्या कानाकोपऱ्यांतून दोनशेहून अधिक पुरुष आले. कुणी मोटारीने, कुणी वाटेत लिफ्ट मागत. कुणी शिक्षक होता, कुणी शेती करणारा, कुणी नुसताच भटक्या. सगळ्यांत एक गोष्ट समान होती. ते समलिंगी होते, आणि त्यांना देवाशी नाही तरी आत्म्याशी काही बोलायचं होतं. ज्या पत्रकाने त्यांना बोलावलं होतं त्यावर या मेळाव्याचं नाव होतं, ‘रॅडिकल फेअरींची आध्यात्मिक परिषद’.

फेअरी म्हणजे परी. गोष्टीच्या पुस्तकातला हा गोड शब्द अमेरिकेच्या रस्त्यावर मात्र शिवी होता. बायकी चालीच्या, नाजूक आवाजाच्या पुरुषाला मागून हाक मारायचा शब्द. आपल्याकडे ‘बायल्या’ म्हणतात तसा. या लोकांनी तो दगड झेलला आणि कपाळाला टिळा लावावा तसा लावून घेतला. ‘रॅडिकल’ या शब्दाच्या पोटात लॅटिन भाषेतलं ‘मूळ’ आहे. म्हणजे मुळापर्यंत जाणाऱ्या पऱ्या. ज्या शब्दाने तुम्ही आम्हाला हाकलता त्याच शब्दाच्या मुळाशी आम्ही जाऊन बसू, असा त्या नावाचा अर्थ होता.

ही चळवळ समजून घ्यायची तर तिच्या एका म्हाताऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे. हॅरी हे त्याचं नाव. हे म्हणजे आपलं सर्वनाम नव्हे, त्याचं आडनाव. तेव्हा मी त्याला नुसतं हॅरी म्हणतो. जन्म १९१२, इंग्लंडमधला. वडील खाणींचे अभियंता. कुटुंब चिलीमार्गे कॅलिफोर्नियात स्थिरावलं. पोरसवदा वयात बापाने त्याला नेवाडातल्या शेतावर गवत भरायच्या कामाला धाडलं, मुलाला घाम गाळायची सवय लागावी म्हणून. तिथे भेटलेल्या मजुरांनी त्याला मार्क्स शिकवला. बापाला हवं होतं एक आणि झालं भलतंच.

पण त्याही आधी, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याच्या हाती ग्रंथालयातलं एक पुस्तक लागलं होतं. एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाचं, १९०८ साली निघालेलं. स्त्री आणि पुरुष यांच्या मधल्या मनाची माणसं जगात आहेत, ती रोगी नाहीत, समाजात त्यांना काही काम नेमून दिलेलं आहे, असं त्यात सांगितलं होतं. आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे त्या पोराला एका पुस्तकाने सांगितलं. घरात, शाळेत, चर्चमध्ये ते कुणी सांगितलं नव्हतं.

या कार्पेंटरचा धागा आपल्यापर्यंत येतो. तो आधी पाद्री होता. पाद्रीपण सोडून शेफील्डजवळच्या मिलथॉर्प गावात भाजीपाला पिकवत, हाताने चपला शिवत राहिला, आणि जॉर्ज मेरिल या आपल्या साथीदाराबरोबर त्याने उघडपणे संसार केला. आधुनिक सुधारणा हा एक रोग आहे असं सांगणारं त्याचं पुस्तक गांधीजींनी वाचलं होतं. ‘हिंद स्वराज्य’च्या शेवटी वाचनासाठी जी पुस्तकं सुचवली आहेत त्यांत ते आहे. हाच कार्पेंटर १८९० मध्ये सिलोनला आणि मग हिंदुस्थानात आला, एका तमिळ ज्ञानी पुरुषापाशी बसला. परतल्यावर १८९२ मध्ये त्याने जे प्रवासवर्णन छापलं त्याच्या नावातच आपली घारापुरी आहे. ॲडम्स पीकपासून एलिफंटापर्यंत, असं ते नाव. मुंबईहून लाँचने तासाभरावर असलेल्या त्या लेण्यात अर्धा पुरुष आणि अर्धी स्त्री असलेला शिव दगडात उभा आहे. कार्पेंटरच्या लेखनात पुढेही त्याचा उल्लेख येतो. सहलीला गेलेली आपली मुलं त्या शिल्पासमोर वेफर्स खात फोटो काढतात. एका इंग्रजाला मात्र तिथे आपल्यासारख्यांचा पूर्वज भेटला. त्याने लिहिलेलं पुस्तक कॅलिफोर्नियातल्या एका मुलाने वाचलं. विचार असे प्रवास करतात, पासपोर्टशिवाय.

हॅरी मोठा झाला, कम्युनिस्ट पक्षात गेला. पक्षातल्याच एका मुलीशी १९३८ मध्ये त्याने लग्न केलं, दोन मुली दत्तक घेतल्या. मन दडपून तेरा वर्षं संसार केला. १९५० च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसमध्ये चार-पाच मित्रांना जमवून त्याने एक संघटना काढली, ‘मॅटाशीन सोसायटी’. मध्ययुगातल्या फ्रान्समध्ये मुखवटे घालून नाचणाऱ्या मंडळ्या असत. मुखवट्याआडून ते राजाला चार खऱ्या गोष्टी ऐकवत. त्यांच्यावरून हे नाव. तो काळ मुखवट्याचाच होता. समलिंगी संबंध अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात गुन्हा होते. १९५३ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अशा माणसांना केंद्र सरकारच्या नोकरीचे दरवाजे बंद झाले. पडदे ओढून, दबक्या आवाजात बैठका होत.

१९५२ मध्ये या मंडळींपैकी डेल जेनिंग्ज याला पोलिसांनी सापळा लावून पकडलं. रिवाज असा होता की मुकाट्याने गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि तोंड लपवायचं. जेनिंग्ज न्यायालयात म्हणाला, मी समलिंगी आहे, पण पोलीस सांगतात तो गुन्हा मी केलेला नाही. पंचांचं एकमत होईना, आणि खटला बारगळला. त्यानंतर संघटनेत माणसं भराभर आली. पण नव्या सभासदांना आपल्या म्होरक्यांच्या कम्युनिस्ट भूतकाळाची भीती वाटू लागली. १९५३ मध्ये हॅरी आणि त्याचे सोबती आपणच काढलेल्या संघटनेतून बाहेर पडले. पक्ष आधीच सुटला होता, संसारही. चाळिशी ओलांडलेला हा माणूस सगळीकडून मोकळा झाला. मोकळा म्हणा, की एकटा म्हणा.

पुढचा इतिहास अनेकांना माहीत आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटून उभे राहिले. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेचं नाव रोगांच्या यादीतून काढलं. मोर्चे निघाले, वर्तमानपत्रं निघाली, बार आणि क्लब उघडले. वाटलं, पहाट झाली. पण १९७८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोचा नगरप्रतिनिधी हार्वे मिल्क याला गोळ्या घालून मारण्यात आलं. उघडपणे समलिंगी असून निवडून आलेला माणूस. मारणाऱ्याला आठ वर्षांहूनही कमी शिक्षा झाली. ती ऐकून १९७९ च्या मे महिन्यात शहर पेटलं.

अशा वेळी हॅरी वेगळंच विचारत होता. १९७० पासून तो जॉन बर्नसाइड या साथीदाराबरोबर न्यू मेक्सिकोत, मूळ रहिवाशांच्या एका वस्तीत राहायला गेला होता. चळवळीतले तरुण म्हणत, आम्ही तुमच्यासारखेच आहोत, फक्त शेजेचा फरक. म्हणून आम्हाला हक्क द्या. हॅरी म्हणायचा, फरक तेवढाच असेल तर मग आपण आहोत कशाला? त्याचे प्रश्न तीन होते. आपण कोण? इतिहासात आपण कुठे होतो? आणि आपलं जगात काम काय? हे प्रश्न वकिलाचे नाहीत, फकिराचे आहेत. कायदा तुम्हाला तुरुंगातून सोडवतो. सुटल्यावर जायचं कुठे, बसायचं कुणापाशी, हे कायदा सांगत नाही. शहरात बार होते, पण तिथे रूप आणि वय पाहून माणसाचा भाव ठरे. एका बाजाराने तुम्हाला हाकललं म्हणून तुम्ही दुसरा बाजार मांडला, यात मुक्ती कुठे आली?

डॉन किलहेफ्नर आणि मिच वॉकर या दोन तरुण कार्यकर्त्यांच्या मनातही हेच होतं. ते आणि हॅरी-जॉन यांनी मिळून ते पत्रक काढलं आणि वाळवंटात माणसं जमली.

तिथे काय झालं? कुठलाही ठराव झाला नाही. लोक वर्तुळात बसले. गायले, ओंकार म्हटला, झगे घातले, अंगाला फुलं बांधली. एका दिवशी वाळवंटातल्या मातीत पाणी ओतून चिखल केला, सगळ्यांनी तो एकमेकांच्या अंगाला फासला आणि मधल्या माणसाला हातांवर उचलून धरलं. वर्तमानपत्रातून हे वाचणाऱ्याला हसू येईल. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यात माशेलच्या देवळासमोर चिखलकाला खेळतात तो ज्याने पाहिला असेल त्याला कमी येईल. ज्या शरीराची आयुष्यभर लाज वाटायला लावली, ते मातीने माखल्यावर सगळ्यांचं एकसारखं दिसतं.

पण या मेळाव्यांतून जे खरं टिकलं ते एक साधं वर्तुळ. त्याला ते ‘हार्ट सर्कल’ म्हणतात. माणसं गोल बसतात. एखादी वस्तू, दगड म्हणा, पीस म्हणा, हातोहात फिरते. ती ज्याच्या हातात असेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही. त्याला बोलायचं नसेल तर तो गप्प बसेल, आणि तेही बाकीचे ऐकतील. जुन्या मुशायऱ्यात शमा फिरायची. ज्याच्यासमोर ती ठेवली त्याची पाळी. त्या उजेडापुढे नवशिक्या आणि उस्ताद सारखेच. सूफींच्या हलक्यात गोल बसून जिक्र होतो, त्यातही वर्तुळाला डोकं नसतं आणि शेपूट नसते. म्हणून मला हे वर्तुळ परकं वाटलं नाही.

या वर्तुळामागचं हॅरीचं तत्त्वज्ञान मला मराठी व्याकरणातून पटकन समजलं. आपण वाक्यात कर्ता आणि कर्म शिकतो. राम आंबा खातो. राम कर्ता, आंबा कर्म. हॅरी म्हणे, जगातली बहुतेक नाती अशी कर्ता-कर्माची झाली आहेत. मालक कर्ता, मजूर कर्म. नवरा कर्ता, बायको कर्म. एक वापरतो, दुसरा वापरला जातो. सारख्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंना कर्ताच असलेलं वाक्य लिहून पाहण्याची संधी आहे, आणि ते वाक्य बाकीच्या समाजाला शिकवणं हेच आपलं काम. हे त्याचं उत्तर. सगळे समलिंगी लोक असे वागतात असं नाही. पण ध्येय म्हणून ते लहान नाही.

मेळावा संपला, माणसं पांगली, पण चळवळ रुजली. खेड्यापाड्यांत राहणाऱ्या समलिंगी पुरुषांचं ‘आरएफडी’ नावाचं मासिक १९७४ पासून वाचकांच्याच लेखनावर चाललं होतं, ते या लोकांचं टपालघर झालं. टेनेसीत शॉर्ट माउंटन आणि ओरेगनमध्ये वुल्फ क्रीक इथे वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांना ते ‘सँक्च्युअरी’ म्हणतात, म्हणजे अभयस्थान. तिथे शेळ्या पाळल्या, वाफे खणले, घरं बांधली. निर्णय बहुमताने घ्यायचे नाहीत, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलायचं असा नेम. त्यामुळे चुलीला लाकडं कुणी फोडायची यावरही बैठक लांबे. प्रत्येकाने स्वतःला नवं नाव घ्यायचं, असाही रिवाज पडला. बापाने दिलेलं नाव घरी ठेवून यायचं.

आणि मग ५ जून १९८१ उजाडला. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एक विचित्र न्यूमोनिया झाल्याचं सरकारी आरोग्यपत्रिकेत छापून आलं. ती एड्सची पहिली खबर. पुढची पंधरा वर्षं या माणसांनी जे पाहिलं ते लिहायला मन धजत नाही. घरच्यांनी दारं लावली. काही इस्पितळांत जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून लोक निघून जात. परिणामकारक औषधं यायला १९९६ उजाडलं. तोवर स्मशानाची वाट थांबली नाही.

अशा काळात त्या वर्तुळाची परीक्षा झाली. चिखल खेळणारे, झगे घालणारे, ज्यांना शहाणी माणसं पोरकट म्हणत, त्यांच्यातले कितीतरी जण आजाऱ्याच्या उशाशी बसले. पहिल्या मेळाव्याला गेलेल्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सिस्टर्स ऑफ परपेच्युअल इंडल्जन्स’ या मंडळातलेही काही होते. जोगिणींचा वेश करून रस्त्यावर सोंगं करणारे पुरुष. याच मंडळाने १९८२ मध्ये सुरक्षित संबंधांची माहिती देणारी एक विनोदी पुस्तिका काढली. अशा अगदी सुरुवातीच्या पुस्तिकांपैकी ती एक. अभयस्थानांमध्ये आजारी माणसं राहायला आली. जी गेली त्यांची राख तिथल्या झाडांखाली विसावली. घरच्यांनी दारं लावल्यावर अखेरची माती कुणी द्यायची, हा प्रश्न आध्यात्मिक नाही तर काय आहे?

शॉर्ट माउंटनला १९९३ मध्ये न्यूयॉर्कहून एक तरुण राहायला गेला. सँडॉर कॅट्झ. एचआयव्हीची लागण झालेला. तिथे बागेत कोबी उदंड आला, म्हणून तो आंबवायला शिकला. शेळीच्या दुधाचं चीज, लोणची, दही, इडलीचं पीठ. २००३ मध्ये त्याचं आंबवण्यावरचं पुस्तक निघालं आणि जगभरच्या स्वयंपाकघरांत गेलं. ज्याला जग मरणाच्या रांगेत उभा समजत होतं तो माणूस विरजणातल्या जिवंतपणाबद्दल लिहीत होता. या चळवळीचं तत्त्वज्ञान विसरलो तरी ही बरणी माझ्या लक्षात राहील.

आता दुसरी बाजू. भाट होऊन इतिहास सांगू नये. तीन प्रमुख संस्थापकांत दोन वर्षांतच फूट पडली. आम्हाला पुढारी नको म्हणणाऱ्या वर्तुळात हॅरी हाच पुढारी झाला आहे, असा आरोप करून १९८१ मध्ये वॉकर आणि किलहेफ्नर दूर झाले. हे रिंगण बरंचसं गोऱ्या पुरुषांचं राहिलं. बायकांना त्यात जागा नव्हती, पुढे ती बऱ्याच ठिकाणी झाली. मूळ अमेरिकन जमातींचे विधी या लोकांनी बिनदिक्कत उचलले, त्या जमातींच्या जमिनी आणि दुःख मात्र उचललं नाही. १९९० मध्ये विनिपेगला त्या जमातींतल्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांनी स्वतःसाठी ‘टू-स्पिरिट’ हा शब्द ठरवला. आमचं नाव आम्ही ठेवू, असं त्यांनी सांगितलं. हॅरीने तर अल्पवयीन मुलांशी प्रौढांच्या संबंधांचं समर्थन करणाऱ्या एका संघटनेची जाहीर पाठराखण केली. लहान मूल त्या नात्यात कर्ता असूच शकत नाही. आपलंच व्याकरण तो तिथे विसरला. ही चूक मी झाकणार नाही.

हॅरी २४ ऑक्टोबर २००२ ला वारला, नव्वदाव्या वर्षी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे उरलेसुरले कायदे रद्द केले २६ जून २००३ ला. आठ महिन्यांनी त्याची चुकामूक झाली. त्याची वर्तुळं मात्र फ्रान्सच्या व्होज डोंगरापर्यंत पोचली.

हे सगळं ऐकून आपल्याला म्हणावंसं वाटतं, यात नवीन काय, आमच्याकडे अर्धनारीनटेश्वर आहे, यल्लम्माचे जोगते आहेत, विठ्ठलाला आम्ही माउली म्हणतो. खरं आहे. पण दगडातल्या अर्ध्या नारीला आपण हात जोडतो आणि जिवंत माणसामागे टाळी वाजवतो, हेही खरं आहे. इंग्रजांनी १८६० मध्ये घातलेलं कलम ३७७ आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला अशा संबंधांपुरतं निष्प्रभ केलं. गुन्हा संपला. पण बसायला जागा?

मी बी.ए.ला होतो तेव्हा वसतिगृहात आमची शेरोशायरीची मैफल बसे. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा सुरेख गझल म्हणायचा. चालणं-बोलणं नाजूक. आम्ही त्याला एक नाव ठेवलं होतं, ते इथे सांगण्याजोगं नाही. एका रात्री तो गात असताना कुणीतरी तसली टाळी वाजवली. सगळे हसले. मीही हसलो. त्याने गझल पुरी केली, चप्पल घातली आणि गेला. पुन्हा मैफलीत आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वसतिगृहातही आला नाही. कुठे गेला, आम्ही कुणी चौकशी केली नाही. मी पुढे कवी झालो. माणसाच्या दुःखावर कविता लिहिल्या, टाळ्या घेतल्या.

अमेरिकेतल्या त्या चिखल माखलेल्या माणसांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा मुलगा आठवला. त्यांचे झगे, त्यांच्या पऱ्या, त्यांचं अध्यात्म सगळ्यांना पटेल असं नाही. मलाही सगळं पटत नाही. पण एक माणूस बोलत असताना बाकीच्यांनी न हसता ऐकायचं, एवढी एक गोष्ट त्यांनी साधली. त्यासाठी त्यांना वाळवंटात जावं लागलं. आम्हाला ती एका दहा बाय बाराच्या खोलीत जमली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)